रॉचडेल, फेब्रुवारी २०२४ : पक्षाने सोडलेला उमेदवार आणि अकरा नावांची यादी

इंग्लंडच्या वायव्येकडील रॉचडेल मतदारसंघाचे मजूर पक्षाचे खासदार सर टोनी लॉइड यांचे १७ जानेवारी २०२४ रोजी निधन झाले आणि रिक्त जागेसाठी २९ फेब्रुवारीला पोटनिवडणूक जाहीर झाली. २०१९ मध्ये ही जागा लॉइड यांनी ९,६६८ मतांच्या आघाडीने आणि ५१.६ टक्के मते घेऊन राखली होती, त्यामुळे सुरुवातीला ही लढत मजूर पक्षासाठी औपचारिकतेपुरतीच आहे असे सर्वत्र गृहीत धरले गेले. लँकेशर काउंटी कौन्सिलमधील मजूर गटाचे नेते अझर अली यांना पक्षाने उमेदवारी दिली. अर्ज भरण्याची आणि मागे घेण्याची मुदत एकाच वेळी, २ फेब्रुवारीला दुपारी चार वाजता संपली, आणि त्या वेळी रिंगणात अकरा उमेदवार उरले होते. पुढच्या चार आठवड्यांत जे घडले त्यामुळे ही पोटनिवडणूक राजकारणाच्या अभ्यासकांइतकीच वार्ताहरांच्या प्रशिक्षणासाठीही उपयोगी ठरली आहे. पोटनिवडणुकीचे न्याय्य वार्तांकन म्हणजे सर्वांना सारखी जागा देणे, असा जो सोपा समज असतो तो इथे पहिल्याच आठवड्यात निकालात निघाला. गेल्या वेळच्या मतांच्या प्रमाणात जागा द्यावी हा त्याहून शहाणा मानला जाणारा उपायही तिथे पुरेसा पडला नाही.

१२ फेब्रुवारीची संध्याकाळ

रविवारी, ११ फेब्रुवारीला ‘मेल ऑन संडे’ने अली यांचे एक ध्वनिमुद्रण उघड केले. पक्षाच्या एका बैठकीत बोलताना, ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला इस्रायलने जाणूनबुजून होऊ दिला, म्हणजे गाझामध्ये हवे ते करण्याची मोकळीक त्याला मिळेल, अशा आशयाचे विधान त्यांनी केले होते. अली यांनी बिनशर्त माफी मागितली आणि पक्षाने तो दिवसभर त्यांची पाठराखण केली. सोमवारी त्याच बैठकीतील आणखी काही वक्तव्ये बाहेर येत आहेत असे दिसताच संध्याकाळी मजूर पक्षाने पाठिंबा काढून घेतल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर चौकशी होईपर्यंत त्यांना निलंबितही केले.

वृत्तकक्षात त्या क्षणी उभा राहिलेला प्रश्न दिसायला किरकोळ होता : आता या माणसाच्या नावापुढे काय लिहायचे? ‘मजूर पक्षाचे उमेदवार’ असे लिहिले तर पक्षाने हात झटकले ही दिवसाची सर्वांत मोठी बातमीच लपते. ‘माजी उमेदवार’ लिहिणे सरळसरळ खोटे, कारण माघारीची मुदत उलटून दहा दिवस झाले होते आणि अली यांचे नाव मतपत्रिकेवरून काढण्याचा अधिकार पक्षाला नव्हता आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यालाही नव्हता. ‘अपक्ष’ हा शब्द तर त्याहून घातक, कारण मतदाराच्या हातात पडणाऱ्या कागदावर त्यांच्या नावाखाली ‘मजूर पक्ष’ असेच छापलेले असणार होते, आणि बातमीत ‘अपक्ष’ वाचून गेलेला मतदार मतपत्रिका पाहून गोंधळला असता किंवा पक्षाने नवा माणूस दिला असे समजला असता. टपाली मतपत्रिकाही याच सुमारास घरोघरी पोहोचू लागल्या होत्या. ज्यांनी मत नोंदवून पाकीट परत धाडले होते, त्यांना ते फिरवून घेण्याची सोय ब्रिटिश कायद्यात नाही.

योग्य उत्तर लांबलचक आणि काहीसे बोजड होते : अर्ज बंद होताना मजूर पक्षाचे उमेदवार असलेले, नंतर पक्षाने पाठिंबा काढून घेतलेले, परंतु मतपत्रिकेवर पक्षाच्या नावासह कायम राहणारे अझर अली, निवडून आल्यास ते अपक्ष खासदार म्हणून बसतील. हे सगळे मथळ्यात मावत नाही, हे मान्य. पण ते बातमीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवे होते आणि रोज यायला हवे होते, कारण मतदार रोजची बातमी वाचतोच असे नाही, आणि ज्याने १२ तारखेची बातमी चुकवली त्याला २० तारखेच्या बातमीत अर्धवट उल्लेखावर सोडून देणे म्हणजे त्याची दिशाभूल करणेच आहे. जागा वाचवण्यासाठी केलेली काटछाट एरवी क्षम्य असते, इथे ती नव्हती.

अली यांच्यावरचा गदारोळ एवढा मोठा होता की दुसरी अशीच घटना त्यात झाकोळली गेली. ग्रीन पक्षाचे उमेदवार गाय ऑटन यांच्या समाजमाध्यमांवरील जुन्या नोंदींवरून त्यांच्या पक्षानेही त्यांचा पाठिंबा काढून घेतला होता, आणि त्यांचेही नाव पक्षाच्या नावासह मतपत्रिकेवर राहिले. म्हणजे अकरा उमेदवारांपैकी दोघांच्या नावाखाली अशा पक्षांची नावे छापली होती, जे पक्ष त्यांच्यासाठी मते मागत नव्हते. एकाबाबत सविस्तर खुलासा द्यायचा आणि दुसऱ्याबाबत नुसते ‘ग्रीन’ लिहून मोकळे व्हायचे, ही विसंगती अनेक संक्षिप्त बातम्यांत सहज शिरू शकत होती. निकष एक असेल तर तो लहान पक्षालाही लागतो.

नियम कोठून आले

ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांवर निःपक्षपातीपणाचे बंधन नाही. इप्सो या स्वनियमन संस्थेची संपादकीय संहिता अचूकतेची अपेक्षा करते, तथ्य, मत आणि अंदाज वेगळे दाखवा असे सांगते, पण एका बाजूने उभे राहण्याची मोकळीक वृत्तपत्राला देते. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीला मात्र ऑफकॉम या नियामकाच्या संहितेचा सहावा विभाग लागू होतो. ही दुहेरी व्यवस्था समजून घ्यायची तर पुन्हा रॉचडेललाच जावे लागते, कारण ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीने पोटनिवडणुकीच्या प्रचाराचे पहिले वार्तांकन केले ते याच गावात, आणि त्या निवडणुकीचे मतदान झाले ते १२ फेब्रुवारी १९५८ रोजी. मजूर पक्षाने अली यांना दूर केले त्याच तारखेला, सहासष्ट वर्षे आधी.

त्यापूर्वी निवडणूक लागली की ब्रिटिश प्रसारण व्यवस्था जवळपास मूक होत असे. १९५५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बीबीसीच्या बातम्यांत प्रचाराला स्थानच नव्हते. संसदेत पुढच्या चौदा दिवसांत चर्चेला येणाऱ्या विषयावर प्रसारणात चर्चा करायची नाही, हा ‘चौदा दिवसांचा नियम’ नुकताच मोडीत निघाला होता. १९४९ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची अडचण आणखी वेगळी होती. उमेदवाराच्या प्रचारावर त्याच्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय कोणी खर्च केला तर तो गुन्हा ठरत होता. वृत्तपत्रांना या कलमातून सूट होती, प्रसारणाचा त्यात उल्लेखच नव्हता. उमेदवाराला पडद्यावर आणणे म्हणजे त्याच्यावर बेकायदा खर्च करणे, असा अर्थ लावता येत होता. मँचेस्टरच्या ग्रॅनाडा वाहिनीने कायदेतज्ज्ञांचे सल्ले घेत, मूळ योजना बरीच आखडती घेत, तरीही कॅमेरे रॉचडेलला नेले. बीबीसी दूर राहिली.

त्या निवडणुकीत एक पेच आधीच दडलेला होता. उदारमतवादी पक्षाचे उमेदवार लुडोविक केनेडी हे आयटीएन या दूरचित्रवाणी वृत्तसंस्थेचे वृत्तनिवेदक होते, म्हणजे दूरचित्रवाणीने ज्याला घराघरात पोहोचवले तोच आता दूरचित्रवाणीच्या वार्तांकनाचा विषय झाला होता. १९५५ मध्ये तिथे हुजूर आणि मजूर अशी सरळ लढत होती, उदारमतवाद्यांचा उमेदवारच नव्हता. मागच्या मतांच्या मापाने केनेडींना शून्य मिनिटे मिळायला हवी होती. प्रत्यक्षात मजूर पक्षाचे जॅक मॅककॅन २२,१३३ मतांनी निवडून आले, केनेडींना १७,६०३ मते मिळाली आणि ज्यांची ही जागा होती त्या हुजूर पक्षाला ९,८२७ वर समाधान मानावे लागले. मतदान ८० टक्क्यांच्या वर झाले. पुढच्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत बीबीसीसह सर्वांनी प्रचाराच्या बातम्या द्यायला सुरुवात केली.

पुढे १९६९ च्या कायद्याने पेंडुलम दुसऱ्या टोकाला नेला : मतदारसंघाविषयीच्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्या उमेदवाराची संमती नसेल तर तो कार्यक्रम दाखवता येत नसे. एखाद्या उमेदवाराने आडमुठेपणा केला की अख्खी चर्चा बारगळे. हा नकाराधिकार २००० च्या कायद्याने गेला आणि त्याच्या जागी प्रसारकांनी पाळायच्या संहिता आल्या. आज ऑफकॉम सांगते की पक्षांना ‘योग्य वजन’ द्या, ते ठरवताना पूर्वीच्या आणि सध्याच्या पाठिंब्याचा पुरावा पाहा, आणि लक्षणीय दृष्टिकोन मांडणाऱ्या इतर पक्षांचा व अपक्षांचाही विचार करा. मतदारसंघावरच्या एखाद्या कार्यक्रमात एक उमेदवार बोलणार असेल तर तशाच वजनाच्या इतरांना निमंत्रण दिले पाहिजे. ते निमंत्रण कोणी नाकारले तरी कार्यक्रम होऊ शकतो. आणि अर्ज बंद झाल्यानंतर मतदारसंघाविषयीच्या प्रत्येक वृत्तांतात वा चर्चेत सर्व उमेदवारांची नावे, आडनावे आणि पक्ष सांगितलेच पाहिजेत.

वजन कोणाचे, पुरावा कशाचा

१२ फेब्रुवारीनंतर ‘पूर्वीच्या पाठिंब्याचा पुरावा’ हे माप कसे लावायचे? मजूर पक्षाची ५१.६ टक्के मते हा पुरावा होता खरा, पण तो पक्षाचा होता आणि पक्ष आता मैदानात नव्हता. अली यांना त्या वजनाने वेळ द्यायचा, की पक्षाच्या प्रवक्त्याला द्यायचा, की कोणालाच नाही? पक्षाच्या प्रवक्त्याला मतदारसंघाच्या चर्चेत बसवले तर ज्याचा उमेदवारच नाही अशा पक्षाला प्रचाराची संधी मिळते. अली यांना बसवले तर ते वैयक्तिकरीत्या बोलत आहेत हे स्पष्ट करूनच. माझ्या मते दुसरा मार्ग बरोबर होता, कारण मतदार ज्याच्या नावापुढे फुली मारणार आहे त्याचे म्हणणे त्याला कळले पाहिजे, आणि पक्षाने त्याच्याशी नाते तोडले म्हणून मतदाराचा हा हक्क संपत नाही.

जॉर्ज गॅलवे यांचे वजन ठरवणे त्या मानाने सोपे होते, निदान कागदावर. त्यांचा वर्कर्स पार्टी ऑफ ब्रिटन हा पक्ष २०१९ च्या अखेरीस स्थापन झालेला, रॉचडेलमध्ये त्याला पूर्वी एकही मत मिळालेले नव्हते. पण गॅलवे यांनी २००५ मध्ये बेथनल ग्रीन अँड बो जिंकले होते, २०१२ मध्ये ब्रॅडफर्ड वेस्टच्या पोटनिवडणुकीत दहा हजारांहून अधिक मतांनी सगळ्यांना चकित केले होते, आणि २०२१ मध्ये बॅटली अँड स्पेनला आठ हजारांवर मते घेऊन तिसरे स्थान मिळवले होते, जिथे मजूर पक्ष अवघ्या ३२३ मतांनी वाचला. ब्रॅडफर्डमध्ये लंडनच्या पत्रकारांना निकालाच्या रात्रीपर्यंत सुगावा लागला नव्हता, ही बोच रॉचडेलच्या वेळी ताजी असावी, कारण या खेपेला कॅमेरे त्यांच्या मागे पहिल्यापासून होते. अली यांचे प्रकरण फुटल्यावर सट्टेबाजांनीही गॅलवे यांना आघाडीवर नेले आणि तो भाव बातम्यांत मतचाचणीसारखा मिरवू लागला. सट्ट्याचा भाव म्हणजे पैसे लावणाऱ्यांचे मत. त्यात मतदार किती हे कोणालाच माहीत नसते.

गॅलवे यांच्या प्रचारात वार्ताहराने जवळून पाहण्याजोगी एक गोष्ट होती. त्यांच्या बाजूने मतदारांना दोन निरनिराळी पत्रे गेली होती. मुस्लिम मतदारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात गाझा केंद्रस्थानी होता; दुसऱ्या पत्रात ब्रेक्झिट, कुटुंब, स्त्री-पुरुष भेदाविषयीची त्यांची परंपरागत मते आणि रॉचडेलचे पूर्ववैभव हे विषय होते. यांपैकी एकच पत्र हातात आलेला वार्ताहर प्रामाणिकपणे, शब्दशः अचूक उतारे देत, एकांगी बातमी लिहू शकला असता. दोन्ही पत्रे शेजारी ठेवून छापणे हीच इथे बातमी होती, आणि त्यासाठी टीकेचा एक शब्दही लिहावा लागत नव्हता.

सायमन डॅन्चक यांच्याबाबत वेगळी काळजी हवी होती. ते २०१० ते २०१५ मजूर पक्षाचे आणि निलंबनानंतर २०१७ पर्यंत अपक्ष म्हणून याच जागेचे खासदार होते. आता ते रिफॉर्म यूके या पक्षाचे उमेदवार होते. त्यांचा वैयक्तिक पूर्वपाठिंबा मजूर चिन्हावरचा, आणि पक्षाचा पाठिंबा इतरत्रचा. दोन्हींची बेरीज करून मोठे वजन काढणे चुकीचे, आणि त्यांना नवखा धरणेही चुकीचे.

आणि मग डेव्हिड टली. वाहनदुरुस्तीचा व्यवसाय असलेले हे स्थानिक अपक्ष उमेदवार गावच्या इस्पितळात प्रसूती विभाग परत यावा, रॉचडेलचा फुटबॉल क्लब टिकावा अशा गोष्टी बोलत होते. पूर्वीचा पाठिंबा नाही, पक्ष नाही, वाद नाही. ब्रिटिश मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या अकारविल्हे लागतात; त्यामुळे अली यांचे नाव अकरा जणांत सर्वांत वर होते आणि टली यांचे सर्वांत खाली. राष्ट्रीय वार्तांकनातही टली यांचे स्थान बहुधा तेच होते, यादीच्या शेवटी. लंडनहून आलेल्या वार्ताहराला गाझा, यहुदीद्वेष, मजूर नेतृत्वाची कोंडी असे मोठे विषय सापडले होते आणि ते विषय खरेच होते, मतदारांच्या तोंडीही होते. पण ज्याच्या हाती दोनच दिवस आहेत त्याने बाजारात उभे राहून विचारलेला पहिला प्रश्न जर ‘गाझाबद्दल काय वाटते?’ हा असेल, तर उत्तर गाझाबद्दलच येते. ‘कोणाला मत देणार आणि का?’ असे विचारले असते तर प्रसूती विभागही ऐकू आला असता.

अकरा नावांची यादी

पूर्ण यादी देण्याच्या नियमाकडे वृत्तवाहिन्या एक औपचारिक कटकट म्हणून पाहतात. पडद्यावर अकरा ओळी येतात, निवेदक घाईने सरकतो, नभोवाणीवर संपूर्ण यादी दिवसातून एकदा वाचून पुढे संकेतस्थळाचा पत्ता सांगितला जातो. तरीही या प्रकरणात हाच नियम सर्वांत उपयोगी ठरला असे माझे मत आहे, कारण संपादकीय अंदाज जिथे चुकले तिथे यादी चुकली नाही. टली यांचे नाव लोकांसमोर नियमितपणे आले ते बहुधा या यादीमुळेच.

यादीत अचूकतेचे सापळेही होते. मायकेल हॉवर्थ आणि विल्यम हॉवर्थ असे दोन अपक्ष मतपत्रिकेवर एकाखाली एक होते. ‘अपक्ष उमेदवार हॉवर्थ’ असे लिहून भागत नव्हते. उद्धरण, छायाचित्र, मतांचा आकडा, प्रत्येक ठिकाणी पहिले नाव आवश्यक होते. ऑफिशियल मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी या विडंबन पक्षाचे उमेदवार रॅव्हिन रोडंट सबॉर्टना यांचे नाव हसण्यावारी नेण्याचा मोह होतो, पण पाचशे पाउंडांची अनामत त्यांनीही भरली होती आणि मतपत्रिकेवरची जागा इतरांएवढीच होती. हुजूर पक्षाचे पॉल एलिसन, लिबरल डेमोक्रॅट्सचे इयन डोनाल्डसन आणि अपक्ष मार्क कोलमन यांनी यादी पूर्ण होते. एरवी राष्ट्रीय वृत्तांतात पहिले दोघे अग्रभागी असते. इथे त्यांचे पक्षच फारसे उत्साहात नव्हते, आणि वार्ताहरही.

कायद्याची आणखी एक धार लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १०६ उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी, निकालावर परिणाम व्हावा म्हणून, खोटे विधान प्रसिद्ध करण्यास मनाई करते. विधान खरे मानण्यास वाजवी कारण होते हे दाखवता आले तर बचाव मिळतो. हे कलम कागदावरचे नाही. रॉचडेलच्या शेजारच्या ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थ मतदारसंघात मजूर पक्षाचे फिल वूलस २०१० मध्ये १०३ मतांनी निवडून आले होते; प्रतिस्पर्ध्याविषयी पत्रकांत केलेल्या खोट्या विधानांवरून निवडणूक न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली आणि जानेवारी २०११ मध्ये तिथे पोटनिवडणूक घ्यावी लागली. अली यांचे ध्वनिमुद्रण, गॅलवे यांची जुनी भाषणे, डॅन्चक यांचा पूर्वेतिहास या सगळ्यांवर लिहिताना मूळ ध्वनिफीत ऐकणे, तारीख तपासणे आणि संबंधिताची बाजू घेणे हे केवळ सौजन्य नव्हते.

मतदानाचा दिवस आणि आकडे

भारतात मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. ब्रिटनमध्ये तसा थांबा नाही, उमेदवाराचे कार्यकर्ते मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत दारे ठोठावत असतात. थांबतात ते प्रसारक. सकाळी सातला केंद्रे उघडली की निवडणुकीची चर्चा आणि विश्लेषण बंद, मतचाचण्यांचे आकडे बंद, आणि रात्री दहापर्यंत बातमीत मतदान सुरू आहे एवढेच. मतदारांना विचारून काढलेला अंदाज केंद्रे बंद होण्यापूर्वी प्रसिद्ध करणे हा १९८३ च्याच कायद्याच्या कलम ६६अ खाली सर्वांसाठीच गुन्हा आहे, मग ते वृत्तपत्र असो वा एखाद्याचे समाजमाध्यमावरचे खाते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुल नागरिक म्हणून संसदीय निवडणुकीत मत देता येते, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘आमच्या केंद्रावर कोण पुढे’ असे लिहिणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

निकाल १ मार्चच्या पहाटे लागला. गॅलवे १२,३३५, टली ६,६३८, एलिसन ३,७३१, अली २,४०२, डोनाल्डसन २,१६४, डॅन्चक १,९६८, विल्यम हॉवर्थ ५२३, कोलमन ४५५, ऑटन ४३६, मायकेल हॉवर्थ २४६, सबॉर्टना २०९. शेवटच्या पाच जणांची अनामत गेली. गॅलवे यांची आघाडी ५,६९७ मतांची.

या निकालात उपसंपादकाने थबकावे असा एक योगायोग होता. गॅलवे यांची मतांची टक्केवारी ३९.७ होती आणि एकूण मतदानही ३९.७ टक्केच झाले. दोन सारखे आकडे एकाच वाक्यात आले की कोणीतरी ‘चूक दिसते’ म्हणून एक खोडतो, किंवा दोन्हींचा अर्थ एकच लावून ‘रॉचडेलच्या ४० टक्के मतदारांनी गॅलवे यांना निवडले’ असे लिहून बसतो. नोंदणीकृत मतदारांच्या हिशेबाने त्यांना मत देणारे साधारण सहापैकी एक भरतात. त्याने त्यांचा विजय कमी वैध होत नाही; पण ‘गावाने कौल दिला’ असे लिहिण्याआधी हा भागाकार करावा.

‘स्विंग’चा, म्हणजे मागच्या निवडणुकीच्या तुलनेत मते एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किती सरकली याचा, आकडा तर इथे देऊच नये असे मला वाटते. मजूर पक्ष ५१.६ वरून ७.७ टक्क्यांवर आला हे गणिताने खरे, पण पहिला आकडा पक्षाने लढवलेल्या निवडणुकीचा आहे आणि दुसरा पक्षाने सोडून दिलेल्या निवडणुकीचा. यावरून देशभर मजूर पक्षाचे काय होणार याचे भाकीत करणाऱ्यांचे पुढे काय झाले ते चारच महिन्यांत, मजूर पक्षाने सार्वत्रिक निवडणूक जिंकली तेव्हा, दिसले. त्या मानाने दुसरा आकडा अर्थपूर्ण होता : हुजूर, मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या तिन्ही नावांखाली मिळून ८,२९७ मते पडली, म्हणजे २७ टक्क्यांहूनही कमी. गॅलवे आणि टली या दोघांनी मिळून त्याच्या दुपटीहून अधिक मते घेतली.

निकालाच्या रात्री गॅलवे यांनी मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांना उद्देशून हा विजय गाझासाठी असल्याचे म्हटले. त्याच दिवशी संध्याकाळी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटबाहेर उभे राहून हा निकाल चिंताजनक म्हणण्याच्याही पलीकडचा असल्याचे सांगितले. विजेता आणि पंतप्रधान दोघेही निकालाला एकच अर्थ देत होते, फक्त एकाला त्याचा आनंद होता आणि दुसऱ्याला धास्ती. अशा वेळी तो अर्थ निर्विवाद वाटू लागतो आणि बातमीतल्या ‘यांच्या मते’ या दोन शब्दांना कात्री लागते. रिफॉर्म यूकेने दमदाटीच्या आणि टपाली मतदानाविषयीच्या तक्रारी केल्या. त्या देताना आरोप कोणाचा, पुरावा काय, आणि निकालाला आव्हान द्यायचे तर २१ दिवसांत निवडणूक याचिका दाखल करावी लागते, हे तिन्ही सांगणे गरजेचे होते. निकाल कायम राहिला.

‘मुस्लिम मतांनी’ निकाल ठरवला, हे वाक्य त्या आठवड्यात इतक्या सहजतेने वापरले गेले की ते कशावर उभे आहे हे विचारायचे राहून गेले. मराठी वाचकाला केंद्रनिहाय आकड्यांची सवय आहे. आपल्याकडे नमुना २० मधून कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली हे निकालानंतर पाहता येते आणि त्यावरून वॉर्डावॉर्डांचा हिशेब मांडता येतो. ब्रिटनमध्ये तसे नसते. पेट्यांतील मतपत्रिकांची संख्या आधी पडताळली जाते, मग निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकींत मिसळल्या जातात आणि मगच उमेदवारनिहाय मोजणी होते. पडताळणीच्या टेबलापाशी उभे राहून पक्षांचे प्रतिनिधी नजरेने अंदाज बांधतात, वार्ताहर त्यांच्याकडून ते अंदाज घेतात, आणि सकाळपर्यंत त्यांना तथ्याचे रूप येते. मतदारसंघात मुस्लिमांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ३० टक्के. गॅलवे यांना त्यांच्यातून मोठा पाठिंबा मिळाला असे मानायला प्रचाराचे स्वरूप पाहता भरपूर कारण आहे, पण किती, आणि बाकीचे मतदार कोणाकडे गेले, हे मतमोजणीतून निघत नाही. टली यांची ६,६३८ मते या एकरंगी स्पष्टीकरणात बसतच नव्हती, म्हणून बहुतेक विश्लेषणांत ती एका वाक्यात उरकली गेली. मतदानाच्या दोन आठवडे आधी त्यांच्याकडे एक दिवस वार्ताहर पाठवणे फार खर्चाचे नव्हते.

४ जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, नव्या सीमांच्या रॉचडेलमध्ये, मजूर पक्षाच्या पॉल वॉ यांनी गॅलवे यांचा सुमारे दीड हजार मतांनी पराभव केला. वॉ हे मूळचे रॉचडेलचे, वेस्टमिन्स्टरचे राजकीय वार्ताहर म्हणून वर्षानुवर्षे काम केलेले, आणि जानेवारीत याच जागेच्या उमेदवारीसाठी अली यांच्याकडून हरलेले. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या सहकाऱ्यांपुढे आता केनेडींच्या वेळचा पेच होता, आपल्यातलाच माणूस उमेदवार असल्याचा. आणि ज्या पक्षाला फेब्रुवारीत पूर्वीच्या पाठिंब्याचा एकही आकडा दाखवता येत नव्हता, त्या गॅलवे यांच्या पक्षाला प्रसारकांनी वेळ वाटताना रॉचडेलपुरते विद्यमान खासदाराचे वजन द्यावे लागले.